शब्दांची कीर्द, शब्दांची खतावणी

व्यापारी घरात मालाची पारख कोणी मुद्दाम शिकवत नाही. गादीवर बसता बसता ती हाताला येते. तूरडाळ तळहातावर घेतली की भेसळ कळते, कापड दोन बोटांत चोळले की पोत समजतो आणि बिलावर नजर टाकली की चुकलेला आकडा डोळ्यांत भरतो. मात्र याच घरातील मुलगा किंवा मुलगी स्पर्धा परीक्षेला बसायचे ठरवते आणि इंग्रजी शब्दसंग्रहाचे पुस्तक घेण्याची वेळ येते, तेव्हा ही पारख दुकानातच राहून जाते. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात पुस्तकांच्या थप्प्यांसमोर उभे राहिल्यावर विक्रेता जे पुढे करील, मित्राने जे नाव सांगितले असेल किंवा ज्याच्या मुखपृष्ठावर शब्दांचा आकडा सर्वांत मोठा असेल, ते पुस्तक पिशवीत पडते. बहुधा एकाऐवजी चार पुस्तके येतात. सहा महिन्यांनी ती उघडून पाहिली, तर चारही पुस्तकांची पहिली तीस-चाळीस पाने मळलेली आणि पुढची सर्व कोरी असतात.

पुस्तकांचा खर्च फार मोठा नसतो. नुकसान होते ते वर्षाचे. व्यापारी कुटुंबात तयारीसाठी बहुधा ठरावीक मुदत मिळते. मुलाला सांगितले जाते, 'दोन वेळा बसून पाहा, नाही जमले तर दुकान आहेच.' मुलीला पुष्कळदा एवढीही मुदत मिळत नाही. तालुक्याच्या गावी मराठी माध्यमात शिकलेल्या या मुलांचे गणित उत्तम असते, कारण टक्केवारी, व्याज आणि नफा-तोटा त्यांनी गल्ल्याजवळ बसूनच आत्मसात केलेला असतो. त्यांचे घोडे अडते ते इंग्रजीपाशी. मग चुकीच्या पुस्तकावर गेलेले सहा महिने म्हणजे हाती असलेल्या मुदतीचा निम्मा भाग होय. म्हणून या खरेदीकडे थोडे बारकाईने पाहणे आवश्यक ठरते.

आधी प्रश्नपत्रिका, मग पुस्तक

'स्पर्धा परीक्षा' हा एकच शब्द असला, तरी प्रत्येक परीक्षा विद्यार्थ्याकडून निराळ्या प्रकारचे शब्दज्ञान मागते. गिऱ्हाईक कोण आहे हे न पाहता माल भरला, तर तो पडून राहतो. येथेही तसेच घडते.

ज्या आयकर आणि जीएसटी विभागांशी दुकानाचा नेहमी संबंध येतो, तेथील निरीक्षकांची पदे कर्मचारी निवड आयोगाच्या पदवीस्तरीय परीक्षेतून, म्हणजे 'एसएससी सीजीएल'मधून भरली जातात. २०२२ पासून लागू झालेल्या रचनेनुसार तिच्या पहिल्या टप्प्यात इंग्रजीचे २५ प्रश्न ५० गुणांसाठी असतात, तर दुसऱ्या टप्प्यात ४५ प्रश्न १३५ गुणांसाठी असतात. दुसऱ्या टप्प्यात गणिताला ९० गुण आहेत, यावरून इंग्रजीचे वजन ध्यानात येईल. येथे समानार्थी व विरुद्धार्थी शब्द, शब्दसमूहाबद्दल एक शब्द, वाक्प्रचार आणि शुद्धलेखन हे सर्व थेट विचारले जाते. त्यामुळे या परीक्षेसाठी प्रकारवार मांडणी केलेले पुस्तक खरोखर उपयोगी पडते.

बँकांच्या परीक्षांचे वळण निराळे आहे. आयबीपीएसच्या प्रोबेशनरी ऑफिसर पदाच्या पूर्वपरीक्षेत इंग्रजीचे ३० प्रश्न २० मिनिटांत सोडवायचे असतात. तेथे सुटा शब्द देऊन अर्थ विचारण्यापेक्षा उताऱ्यातील शब्दाचा अर्थ, गाळलेल्या जागा आणि वाक्यात शब्दांची अदलाबदल असे प्रश्न अधिक असतात. अर्थात शब्द माहीत असणे एवढे पुरत नाही. तो कोणत्या शब्दाशेजारी शोभतो आणि त्यानंतर कोणते शब्दयोगी रूप येते, हेही ठाऊक असावे लागते.

व्यवस्थापनाच्या 'कॅट' परीक्षेत भाषेच्या विभागाचा मोठा भाग उताऱ्यांच्या आकलनाचा असतो आणि अलीकडे सुट्या शब्दाचा अर्थ थेट विचारला जात नाही. विधी शाखेच्या 'क्लॅट'चे स्वरूप २०२० मध्ये बदलले आणि तीही उताऱ्यांवर आधारलेली झाली. परदेशी उच्चशिक्षणासाठीच्या 'जीआरई' परीक्षेतून विरुद्धार्थी शब्दांचे व शब्दसाम्याचे प्रश्न २०११ मध्ये काढून टाकले गेले. तरीही त्या जुन्या प्रश्नांसाठी तयार केलेल्या हजारो शब्दांच्या याद्या आजही बाजारात हातोहात फिरतात. सनदी लेखापालाच्या फाउंडेशन परीक्षेत पूर्वी व्यावसायिक पत्रव्यवहाराचा इंग्रजी भाग होता. २०२४ पासूनच्या नव्या अभ्यासक्रमात तो राहिलेला नाही. मोठ्या भावाने वापरलेली पुस्तके धाकट्याला देण्याची रीत चांगली आहे, परंतु मधल्या काळात परीक्षा बदलली आहे का, हे पाहून मगच ती द्यावीत.

म्हणून पुस्तकाच्या दुकानात जाण्यापूर्वी संबंधित परीक्षेच्या मागील तीन-चार वर्षांच्या प्रश्नपत्रिका मिळवाव्यात आणि इंग्रजीच्या प्रत्येक प्रश्नापुढे तो कोणत्या प्रकारचा आहे याची खूण करावी. एका रविवारचे काम आहे. किती प्रश्न थेट शब्दांवर, किती उताऱ्यांवर आणि किती व्याकरणावर, याचा तक्ता हाती आला की कोणते पुस्तक नको हे विक्रेत्याला न विचारताच कळते.

आपली पातळी कोणती?

दुसरा प्रश्न विद्यार्थ्याच्या आजच्या तयारीचा. मायकेल वेस्ट नावाचे एक इंग्रज शिक्षणतज्ज्ञ ब्रिटिश काळात भारतीय शिक्षण सेवेत ढाक्याला होते. बंगाली मुले इंग्रजी कशी वाचतात, याचा त्यांनी तेथे अभ्यास केला. क्वचित भेटणाऱ्या शब्दांनी पुस्तके भरली, तर मुलांना वाचनात गतीच येत नाही, हे त्यांच्या लक्षात आले. पुढे १९५३ मध्ये त्यांनी इंग्रजीतील सर्वाधिक उपयोगाच्या सुमारे २००० शब्दांची यादी प्रसिद्ध केली. त्या पायावर न्यूझीलंडच्या ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली अभ्यासविषयक लेखनात वारंवार येणाऱ्या ५७० शब्दकुलांची यादी तयार केली. 'ॲनलाइज', 'पॉलिसी', 'सिग्निफिकंट' अशा शब्दांची ही कुळे आहेत. बँकेच्या किंवा 'क्लॅट'च्या उताऱ्यांत पावलोपावली भेटतात ते हेच शब्द.

ही क्रमवारी सोडून विद्यार्थी थेट दुर्मिळ शब्दांवर उडी घेतात. 'सेस्क्विपेडॅलियन' म्हणजे लांबलचक शब्द वापरणारा, हे पाठ असते. परंतु 'दोज हू' आणि 'नॉटविथस्टँडिंग' असलेले साधे वाक्य अडवून ठेवते. पाया न भरता मजला चढवण्याचाच हा प्रकार आहे.

पातळी ठरवण्याची एक सोपी रीत आहे. इंग्रजी वृत्तपत्रातील अग्रलेख घ्यावा, त्यातील सलग शंभर शब्द मोजावेत आणि न कळलेल्या शब्दांखाली रेघ मारावी. भाषातज्ज्ञ पॉल नेशन यांनी २००६ मध्ये दाखवून दिले की, मजकुरातील ९८ टक्के शब्द ओळखीचे असतील, तर कोशाच्या मदतीविना वाचन चालू शकते. आणि त्यासाठी ८००० ते ९००० शब्दकुले माहीत असावी लागतात. शंभरात दोन-तीन शब्दच अडत असतील, तर विद्यार्थ्याने वरच्या पातळीचे पुस्तक घ्यावे. दहा-बारा अडत असतील, तर सहा आठवडे मराठी अर्थ देणारे प्राथमिक पुस्तक आणि सोपे वाचन हाच मार्ग योग्य. यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवरून आणि वीरकरांच्या शब्दकोशावरून इंग्रजी शिकल्या आहेत.

चार प्रकारची पुस्तके

बाजारातील पुस्तकांची गर्दी मोठी दिसली, तरी ती ढोबळमानाने चार प्रकारांत मोडते.

पहिला प्रकार धातू आणि कुळांवर आधारलेल्या पुस्तकांचा. नॉर्मन लुईस यांचे १९४९ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेले 'वर्ड पॉवर मेड ईझी' हे त्यांतील सर्वांत परिचित नाव. लॅटिन आणि ग्रीक मूळ धरून एकेक शब्दकुळ उलगडत जाणे आणि लगेच पुढच्या पानावर त्याची परीक्षा घेणे, ही त्याची पद्धत. माणसांच्या स्वभावांवरील आरंभीच्या पाठातच 'असेटिक' हा शब्द येतो. त्याचे ग्रीक मूळ 'अभ्यास, साधना' या अर्थाचे आहे. घरी व्रत-उपवास पाहत वाढलेल्या मुलाला या शब्दाचा भाव चटकन उमगतो. शब्दसमूहाबद्दल एक शब्द विचारणाऱ्या परीक्षांना हे पुस्तक चांगलेच उपकारक आहे. त्याच्या मर्यादाही जाणून घ्याव्यात. ते अमेरिकी प्रौढ वाचकांसाठी लिहिलेले आहे, उच्चार अमेरिकी आहेत आणि सर्व स्पष्टीकरण इंग्रजीतच आहे. शंभरात दहा शब्द अडणाऱ्याने त्यापासून सुरुवात केली, तर तिसऱ्या पाठातच त्याचा धीर सुटतो.

दुसरा प्रकार दिवसांच्या हिशेबाने मांडलेल्या पुस्तकांचा. मरे ब्रॉमबर्ग आणि मेल्विन गॉर्डन यांचे '११०० वर्ड्स यू नीड टू नो' ४६ आठवड्यांत विभागलेले आहे. त्यात रोज एक छोटा उतारा, त्यातील पाच नवे शब्द आणि आठवड्याच्या अखेरीस उजळणी असते. शब्द उताऱ्यात भेटत असल्यामुळे आकलनावर भर असलेल्या परीक्षांना हा प्रकार जवळचा आहे. ज्याला शिस्तीचा आधार लागतो, त्याच्या प्रकृतीलाही तो मानवतो. मात्र परीक्षा चार महिन्यांवर आली असताना ४६ आठवड्यांचे पुस्तक हाती घेणे व्यवहाराचे नव्हे.

तिसरा प्रकार परीक्षेच्या प्रश्नप्रकारांनुसार संकलन केलेल्या पुस्तकांचा. मागील वर्षांतील समानार्थी शब्द, वाक्प्रचार, एकशब्दी पर्याय यांची प्रकरणे त्यांत असतात. एसएससी आणि संरक्षण दलाच्या परीक्षांसाठी ती हवीतच, कारण या परीक्षांत पूर्वी येऊन गेलेले शब्द फिरून येतात. परंतु अशी पुस्तके उजळणीसाठी उत्तम आणि पहिल्या शिक्षणासाठी कोरडी असतात.

चौथा प्रकार नुसत्या याद्यांचा : डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे एका शब्दात मराठी किंवा हिंदी अर्थ. ही पुस्तके सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जाड असतात. त्यांचा उपयोग कोशासारखा करावा, पाठ्यपुस्तकासारखा करू नये.

विद्यार्थ्याला पहिल्या किंवा दुसऱ्या प्रकारातील एक आणि तिसऱ्या प्रकारातील एक, अशी दोन पुस्तके पुरेशी होतात. सोबतीला एक चांगला विद्यार्थी-कोश असावा. ए. एस. हॉर्नबी यांनी जपानमध्ये इंग्रजी शिकवताना १९४२ मध्ये जो कोश प्रसिद्ध केला, त्यातूनच पुढे ऑक्सफर्डचा 'ॲडव्हान्स्ड लर्नर्स' कोश घडला. परभाषकाला कळेल अशा सोप्या शब्दांत अर्थ देणे आणि शब्द वाक्यात कसा बसतो ते दाखवणे, हे त्याचे वैशिष्ट्य.

अर्थाचे माप खरे आहे का?

हातात घेतलेले पुस्तक चांगले की वाईट, हे तपासण्यासाठी एकच जागा उघडून पाहावी : काटकसर आणि कंजूषपणा यांविषयीचे शब्द. 'फ्रूगल', 'थ्रिफ्टी', 'पार्सिमोनियस', 'मायझर्ली' या चारही शब्दांपुढे पुस्तकात नुसते 'कंजूष' असे छापलेले असेल, तर ते खाली ठेवावे. 'फ्रूगल' आणि 'थ्रिफ्टी' ही प्रशंसा आहे. जपून खर्च करणाऱ्या, पैशाचे मोल जाणणाऱ्या माणसासाठी ते शब्द आहेत. 'पार्सिमोनियस' आणि 'मायझर्ली' यांत निंदा आहे. काटकसरीने उभ्या राहिलेल्या पेढीचे वर्णन करणाऱ्या उताऱ्यात 'मायझर्ली' हा पर्याय निवडणाऱ्याचा अर्थ जवळपास बरोबर असतो, पण गुण जातात. व्यापारी घरातील मुलाला काटकसर आणि कद्रूपणा यांतील अंतर समजावून सांगावे लागत नाही. पुस्तकाने फक्त ते अंतर झाकून टाकू नये.

दुसरी खूण म्हणजे एकाच शब्दाचे परस्परविरोधी अर्थ. बँकेने कर्ज 'सँक्शन' केले, म्हणजे मंजूर केले. पण एका देशाने दुसऱ्यावर 'सँक्शन्स' लादले, म्हणजे निर्बंध घातले. 'ओव्हरसाइट' म्हणजे देखरेख आणि 'ओव्हरसाइट' म्हणजे नजरचूकही. 'इंटरेस्ट' म्हणजे व्याज हे घरात सर्वांना ठाऊक असते, परंतु 'डिसइंटरेस्टेड' म्हणजे स्वतःचा स्वार्थ नसलेला, निःपक्षपाती, हे पुस्तकाने सांगायला हवे. मुद्दल आणि तत्त्व या दोन्हींसाठी इंग्रजीत कानाला एकच उच्चार ऐकू येतो, 'प्रिन्सिपल'. स्पेलिंग मात्र निरनिराळे आहे. असे गोंधळाचे शब्द एकत्र मांडणारे प्रकरण असेल, तर ते पुस्तकाचे बळ समजावे.

तिसरी खूण म्हणजे उदाहरणाची वाक्ये. प्रत्येक शब्दाला निदान एक वाक्य असावे आणि त्या वाक्यावरून अर्थाचा अंदाज बांधता यावा. 'ही इज अ फ्रूगल मॅन' या वाक्याने काहीही कळत नाही. 'लाखोंची उलाढाल असूनही त्याचे राहणे फ्रूगल होते' अशा धाटणीच्या वाक्याने शब्द मनात बसतो.

चौथी गोष्ट छपाईची. प्रसिद्ध पुस्तकांच्या नकली प्रती पदपथावर अर्ध्या किमतीत मिळतात. त्यांत अक्षरे पुसट असतात, पाने गळालेली असतात आणि स्पेलिंगच्या चुकाही सापडतात. ज्या परीक्षेत शुद्धलेखनालाच गुण आहेत, तिची तयारी अशा प्रतीवरून करणे म्हणजे खोट्या मापाने माल घेणे होय. लेखकाचा आणि प्रकाशकाचा न्याय्य मोबदला बुडतो, तो वेगळाच.

दुकानातून उगवलेले शब्द

धातूवरून शब्द शिकण्याची रीत व्यापारी घरातील विद्यार्थ्याला विशेष सोपी जाते, कारण त्या कुळांतील मुख्य माणसे त्याच्या ओळखीची असतात. 'क्रेडिट' हा शब्द विश्वास ठेवणे या अर्थाच्या लॅटिन धातूपासून आला आहे. उधारी विश्वासावर चालते, हे दुकानात कोणाला सांगावे लागत नाही. त्याच कुळात 'क्रेडिबल' म्हणजे विश्वासार्ह, 'क्रेड्युलस' म्हणजे कोणावरही चटकन विश्वास टाकणारा, 'इन्क्रेडिबल' म्हणजे अविश्वसनीय आणि 'क्रीड' म्हणजे श्रद्धातत्त्व, हे सारे येतात. 'ऑडिट'चे मूळ ऐकण्याच्या धातूत आहे. पूर्वी हिशेब मोठ्याने वाचून दाखवले जात आणि ते ऐकून तपासले जात. म्हणून 'ऑडिबल', 'ऑडियन्स', 'ऑडिटोरियम' ही त्याची भावंडे. 'सॉल्व्हंट' म्हणजे देणी फेडू शकणारा. त्याच्या मुळाशी सोडवणे, सैल करणे हा अर्थ आहे आणि 'डिझॉल्व्ह', 'ॲब्सॉल्व्ह', 'इन्सॉल्व्हंट' हे त्याचे नातलग आहेत. तीन ओळखीच्या शब्दांवरून दहा-बारा शब्द हाती लागतात.

या रीतीचे धोकेही आहेत. 'पेडेस्ट्रियन'मधील 'पेड' लॅटिन असून त्याचा अर्थ पाय आहे, तर बालरोगतज्ज्ञासाठी असलेल्या 'पेडिअट्रिशियन'मधील 'पेड' ग्रीक असून त्याचा अर्थ मूल आहे. 'एनर्व्हेट' ऐकले की एनर्जी आठवते, प्रत्यक्षात अर्थ अगदी उलट, म्हणजे शक्ती हरण करणे, असा आहे. नावात साम्य दिसले म्हणून एकाच कुळातील मानू नये. चांगले पुस्तक अशा जागी सावध करते.

कीर्द, खतावणी आणि ताळा

पुस्तक कितीही चांगले असले, तरी एकदा वाचलेले शब्द टिकत नाहीत. जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस यांनी स्वतःवरच प्रयोग करून १८८५ मध्ये दाखवले की, पाठ केलेल्या मजकुराचे विस्मरण आरंभीच्या काही तासांत आणि दिवसांत सर्वांत वेगाने होते, पुढे त्याचा वेग मंदावतो. म्हणून उजळणी दुसऱ्याच दिवशी, मग तीन-चार दिवसांनी, मग आठवड्याने आणि मग महिन्याने अशी अंतर वाढवत करावी लागते. ज्या पुस्तकात मागील शब्द पुढच्या पाठात पुन्हा भेटतात, ते पुस्तक हे काम काही अंशी स्वतःच करते. निवड करताना हेही पाहावे.

उरलेले काम वहीचे. व्यापारी घरात त्याची रीत तयारच आहे. रोज भेटलेला शब्द आधी कीर्दीत उतरवावा : तारीख, शब्द, ज्या वाक्यात तो भेटला ते वाक्य आणि मराठी अर्थ. आठवड्यातून एकदा हे शब्द खतावणीत घ्यावेत. खाती तीन प्रकारची असावीत. एक खाते कुळाचे, जसे 'क्रेडिट'चे. दुसरे अर्थछटेचे, जसे काटकसर-कंजूषपणाचे. आणि तिसरे गोंधळाच्या जोड्यांचे. महिन्याच्या अखेरीस अर्थ झाकून ताळा पाहावा. जे शब्द तीनदा विसरले, ते येणे बाकीच्या स्वतंत्र पानावर लिहावेत. वसुली तिथूनच सुरू करायची असते.

सेबास्टियन लाइटनर यांनी १९७२ मध्ये पत्त्यांच्या पेटीची एक पद्धत सुचवली. एका बाजूला शब्द आणि दुसऱ्या बाजूला अर्थ लिहिलेले पत्ते पाच कप्प्यांत ठेवायचे. अर्थ आठवला तर पत्ता पुढच्या कप्प्यात जातो, चुकला तर पहिल्या कप्प्यात परत येतो. पुढचे कप्पे अधिकाधिक अंतराने काढायचे. दुकानातील पुठ्ठ्याच्या रिकाम्या खोक्यातही ही पेटी तयार होते.

आता थोडे गणित. ३५०० शब्दांची यादी ९० दिवसांत संपवायची, तर रोज जवळपास ३९ नवे शब्द येतात आणि मागच्यांची उजळणी वेगळीच. हे कोणालाही झेपणारे नाही. रोज पाच नवे शब्द, महिन्याला पंचवीस दिवस, असे धरले तर वर्षाला १५०० शब्द होतात. आणि उजळणीसह शिकलेले १५०० शब्द परीक्षेत खरोखर कामाला येतात. अर्धवट ओळखीचा शब्द तर अनोळखी शब्दाहून महाग पडतो. सीजीएलच्या दुसऱ्या टप्प्यात बरोबर उत्तराला तीन गुण मिळतात आणि चुकीला एक गुण वजा होतो. खात्री नसताना खात्री वाटून लिहिलेले उत्तर चुकले, की मिळू शकणारे तीन गेले आणि पदरचा एक गेला, असा चार गुणांचा फरक पडतो. अनोळखी शब्द विद्यार्थी निदान सोडून तरी देतो.

घरच्यांचा वाटा

आई-वडिलांना इंग्रजी येत नसले, तरी त्यांचा मोठा उपयोग आहे. पत्त्याच्या मागे मराठी अर्थ लिहिलेला असतो. रात्री जेवणे आटोपल्यावर आईने किंवा आजोबांनी दहा पत्ते हातात घ्यावेत, मुलीने शब्द पाहून अर्थ सांगावा, त्यांनी मागे पाहून तो ताडून घ्यावा. दहा मिनिटांत उजळणी होते. शिवाय मुलगी काय करते आहे, हे घरालाही दिसते.

दुकानात इंग्रजी अर्थविषयक वृत्तपत्र येत असेल, तर त्यातील बाजाराची बातमी वडिलांनी मुलाबरोबर वाचावी. 'बॉयंट', 'स्लगिश', 'टेपिड', 'व्होलटाइल' हे शब्द मुलाला कोशातून कळतील. मागणी उसळलेली आहे, मंदावलेली आहे, कोमट आहे की क्षणाक्षणाला बदलते आहे, हे वडिलांना अनुभवाने कळते. दोघांनी मिळून वाचलेली बातमी दोघांच्याही लक्षात राहते. बँकेच्या आणि 'कॅट'च्या उताऱ्यांतही हीच शब्दकळा आढळते.

सणासुदीच्या गर्दीत मुलांना गल्ल्यावर बसवावेच लागते. त्या आठवड्यांत नवे शब्द घेऊ नयेत, मात्र पेटीतील पत्त्यांची उजळणी खंडित होऊ देऊ नये. मुदत ठरवतानाही थोडा विचार व्हावा. नव्या गिऱ्हाइकाला माल देताना व्यापारी जेवढी मुदत मोकळ्या मनाने देतो, तेवढी घरातल्या मुलीलाही द्यावी. आणि ती मुलाइतकीच असावी. महिन्याचा ताळा वेळेवर पाहिला जात असेल, तर अभ्यास पुढे सरकतो आहे की नाही, हे निकालाची वाट न पाहता दिसत राहते.

पुस्तक घ्यायला जाताना बरोबर तीन गोष्टी असाव्यात : मागील प्रश्नपत्रिकांवरून केलेला तक्ता, अग्रलेखात अडलेल्या शब्दांची संख्या आणि परीक्षेपर्यंत उरलेल्या आठवड्यांचा आकडा. दुकानात उभे राहूनच काटकसरीचे पान उघडावे, दोन वाक्ये वाचावीत, पुढच्या पाठात मागचे शब्द परत येतात का ते पाहावे आणि मग दोनच पुस्तके घ्यावीत. वर्षाअखेरीस ती दोन्ही शेवटच्या पानापर्यंत मळलेली असली, म्हणजे खरेदी योग्य झाली असे समजावे.